आई येतीया

१

राजेश्वरी, हातातलं ठेव बाजूला आणि आधी हे ऐक. लॅपटॉप पण मीट. आपल्या उत्कर्षाचं आहे. रविवारी झालं. सोमवारी सकाळी ती रूमवर आली, खांद्यावरची बॅगसुद्धा न काढता कॉटवर बसली आणि बोलत सुटली. मी मधे जेमतेम दोन-तीनदा तोंड उघडलं. मी! म्हणजे तूच समज.

तिचं वेड तुला माहितीये. लोक सुट्टीला महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खातात, ही बया संग्रहालयं बघते. मोठी नाही हं, छोटी. जिथं पंखा आपणच लावायचा आणि जाताना आपणच बंद करायचा, तसली. सातारा, सांगली, औंध सगळं पालथं घालून झालंय. आता तर कुणा रिटायर्ड फौजीनं गोठ्यात चार कंदील टांगले असतील तरी ही तिथं जाऊन पोचते.

या वेळी मात्र तिनं आईला बरोबर घेतलं होतं. सुलाबाई. तू भेटलीयेस, गणपतीत आल्या होत्या बघ, त्या. वडूजजवळच्या वस्तीवर एकट्याच असतात. उत्कर्षाचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, ही एकुलती एक. आणि आईचा उजवा गुडघा आता पार गेलाय. उठताना आधी दोन्ही हात टेकायचे, मग "आई गं" म्हणायचं, मग कुठं उभं राहायचं. उत्कर्षाला त्यांना पुण्याला आणायचंय, ऑपरेशन करायचंय. त्या काही हलत नाहीत. म्हणून तिनं ठरवलं, दिवसभर फिरवू, खाऊपिऊ घालू, आणि परत येताना विषय काढू.

ऑफिसमधल्या कुणाची तरी कार मागून घेतली, कारण सुलाबाईंना एसटी लागते. नुसती लागत नाही, भयंकर लागते. कारमधे पुढं बसून काच खाली केली तर चालतं. पण एसटीच्या डिझेलचा वास जरी आला तरी पोटातलं ढवळतं. आख्खा जन्म त्यांनी पदराला लिंबू बांधून एसटीनं काढलाय.

तर सुलाबाईंच्या या दोन गोष्टी डोक्यात ठेव. गुडघा आणि एसटी.

२

मायणीच्या पुढं, विट्याच्या अलीकडं, आत एक वळण आहे म्हणे. बंद पडलेली तेलगिरणी आणि तिच्या गोडाऊनमधे कुणीतरी हौसेनं जुन्या गाड्या जमवून ठेवल्यात. मालक कोल्हापूरला असतो. फाटकापाशी एक बाई खुर्ची टाकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. साळूबाई. तिकीट तीच देते, कुलूपही तीच काढते.

"कुठनं आला?"

"पुण्यावरनं," उत्कर्षा म्हणाली.

"आनि ह्या?"

"ह्या वडूजच्या. आई माझी."

"मग ह्यांचं तिकीट कशाला? ह्यांनी ह्या गाड्या वापरल्यात. बगायचं तुमी."

सुलाबाई खूश. म्हणाल्या, "आमी कसल्या वापरतोय बाई. आमची गाडी म्हंजी आमचं पाय."

आत पहिल्या दालनात टांगा, दमणी म्हणजे बैलांची छोटी छपराची गाडी, दुधाचे कॅन अडकवलेली सायकल, एक राजदूत मोटारसायकल, हातानं दांडा फिरवायचा पेट्रोलपंप. सगळ्यावर बारीक धूळ, आणि पत्र्यातून उन्हाचे गोल गोल ठिपके खाली पडलेले. दुपारची वेळ. बाहेर होला घुमत होता. उत्कर्षा एकेकाचे फोटो काढत होती. सुलाबाई एका भिंतीपाशी थांबल्या त्या हलेचनात. तिथं घोड्याचं खोगीर टांगलं होतं. मेंढरांमागं हिंडताना धनगराचं सगळं बिऱ्हाड ज्या घोड्यावर असतं, त्याचं.

"आगं, आमचं घरच टांगलंय की हितं," त्या म्हणाल्या. खोगिरावरून हात फिरवला. "हिकडं भांडी, तिकडं कोंबड्या, वर वाकळ आनि वाकळंत कोकरं. मानसं चालायची, कोकरं बसायची. तुझा आजा बिराप्पा म्हनायचा, पुढच्या जल्मी कोकरू व्हायला पायजे."

दोघी हसल्या. मग सुलाबाईंचा गुडघा भरून आला. "तू बग जा समदं. मी त्या बाईसंगं बसते, शेंगा तरी फोडते. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन हाडं आखडली." उत्कर्षानं त्यांना बाहेर लिंबाखाली खुर्चीवर बसवलं. दोन्ही हात टेकून, "आई गं" करत, त्या बसल्या.

"शेवटच्या शेडात येष्टी हाय," साळूबाईनं बसल्या जागेवरूनच सांगितलं. "चढून बसलं तरी चालतंय. समदी फोटू काढत्यात."

३

शेड लांबट होती. एका टोकाला मोठं दार, त्यातून अंगण दिसायचं, लिंब दिसायचा, लिंबाखाली आई दिसायची. आणि दाराकडं तोंड करून ती लाल एसटी उभी. उभी म्हणजे काय, चाकं नव्हतीच. चारी बाजूंनी दगडी ठोकळे. बॉनेट उघडलं तर आत इंजिनही नाही, चिमणीचं घरटं. पाटीवर अर्धवट अक्षरं, कुठून कुठं ते वाचता येत नव्हतं.

उत्कर्षानं बाहेरून खिडकीतून डोकावून पाहिलं आणि तिला एकदम हसूच आलं.

प्रत्येक सीटवर काहीतरी ठेवलं होतं. रुमाल. गांधी टोपी. नायलॉनची पिशवी. एक टॉवेल, एक चप्पल. अगं, जागा धरलेल्या! आपण नाही का, स्टँडवर गाडी शिरायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो, आणि मग तो रुमाल म्हणजे जणू सातबाराच! तिला वाटलं, काय डोकं आहे मालकाचं. बाकीची संग्रहालयं नुसती बस ठेवतात, यानं बसमधली रीत पण ठेवली.

एकच जागा मोकळी होती. मधल्या रांगेत, दोघांच्या सीटवर. मग हिनं काय केलं? गळ्यातली निळी ओढणी काढली, एका हातात मोबाइल धरला, आणि रील करायचं म्हणून बाहेरूनच खिडकीतून आत टाकली. बरोबर खिडकीकडच्या जागेवर पडली. मग चढली, शेजारी बसली, आणि रील कसं आलंय ते बघायला लागली.

बसल्यावर तिचं लक्ष गेलं. पुढच्या सीटवर पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. बाटलीला बाहेरून दव आलं होतं. फ्रिजमधून आत्ता काढल्यासारखं.

त्या शेडात पत्रा तापलेला, घाम निथळत होता.

मग ती बाकीच्या वस्तू नीट बघायला लागली. टोपी आणि टॉवेल जुने होते, कबूल. पण मागं एक हेल्मेट होतं, काचेवर कंपनीचं स्टिकर तसंच असलेलं. एका सीटवर ऑफिसच्या आयकार्डाची पट्टी. एकीवर कानात घालायच्या इअरफोनची डबी, तिचा बारका दिवा लुकलुकत होता. आणि पलीकडं, तिघांच्या सीटवर मधोमध, बाळाचं टोपरं. लोकरीचं, पिवळं.

ती म्हणते, मी स्वतःला समजावलं. लोक विसरून जातात. फोटो काढायला बसतात, वस्तू राहतात. बाटली आत्ताच कुणाचीतरी राहिली असेल. पण फाटकापाशी दुसरी गाडी नव्हती. आणि साळूबाई म्हणाली होती, सकाळधरनं तुमीच पयल्या.

४

आता हे नीट ऐक, कारण चूक इथंच झाली. आणि ही चूक मी केली नसती, तू केली असतीस का माहीत नाही, पण उत्कर्षा ती करणारच होती.

ती मोबाइलमधे मान घालून बसलेली. रीलला गाणं कुठलं लावायचं ते शोधत होती. शेजारून, म्हणजे मधल्या वाटेतून, अगदी साधा आवाज आला.

"हितं कोन हाय का?"

बस, एवढंच. एसटीत दिवसातून शंभरदा ऐकतो तसं. बाई का बाप्या ते तिला आजही सांगता येत नाही. दमलेला आवाज, ती म्हणते. लांबून चालत आल्यासारखा.

आणि हिनं मान वर न करता उत्तर दिलं. "आई येतीया."

तिनं नाही दिलं गं. तिच्या तोंडानं दिलं. उत्कर्षा लहान असताना वडूजच्या स्टँडवर बाजारच्या दिवशी गाडी लागली की सुलाबाई हिला उचलून खिडकीतून आत ढकलायच्या. चार-पाच वर्षांची पोर. आत पडली की दोन्ही हात पसरून सीटवर आडवी. आणि घरून निघतानाच पढवलेलं असायचं, "कुनी इचारलं तर काय म्हनायचं?" "आई येतीया." "आनि लय दाटलं तर?" "आई येतीया!" जागा आईला असो, चुलत्याला असो नाहीतर बियाणाच्या पोत्याला, उत्तर एकच. आम्ही शाळेत प्रार्थना पाठ केली, हिनं हे पाठ केलं. झोपेत विचारलं तरी तेच म्हणेल.

"बरं," आवाज म्हणाला.

आणि पावलं मागं गेली. मागं कुठंतरी सीटच्या फोममधली हवा गेली, फुस्स. कुणी जडपणे बसल्यासारखी.

तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

५

वाट रिकामी होती. मागं वळून पाहिलं. सीटवर वस्तू, बाकी कुणी नाही. शेवटच्या बाकावरची पिशवी मात्र आता मांडीवर घेतल्यासारखी किंचित उंच दिसत होती. पण तिला वाटलं, आधीही तशीच असेल, मी कुठं नीट पाहिलं होतं.

साळूबाई असेल, ती म्हणाली मनाशी. गंमत केली असेल. मग तिनं समोरच्या काचेतून पाहिलं. साळूबाई लिंबाखाली शेंगा फोडत होती. शेजारी आई होती. दोघींच्या मधे सूप. आई काहीतरी सांगत होती, हातवारे करून, खोगिराचंच असणार.

आणि बोलता बोलता आई थांबली.

वाक्याच्या मधेच. हात तसाच हवेत. मान वळवून शेडाकडं बघायला लागली, आपल्याला कुणी हाक मारली की आपण बघतो ना, तशी. मग ती उठली.

राजी, हात न टेकता उठली. "आई गं" नाही, काही नाही. वीस वर्षांच्या मुलीसारखी सरळ उभी राहिली. पदर खोचला, खुर्चीजवळची आपली पिशवी उचलली आणि भराभरा चालायला लागली. लंगडणं नाही. साळूबाई मागून काहीतरी विचारत होती, आईनं मागं बघितलंच नाही.

उत्कर्षा म्हणते, पहिलं काय वाटलं सांगू? आनंद झाला. आईचा गुडघा बरा झाला! एक क्षणभर खरंच आनंद झाला मला.

मग तिला सीट थरथरताना जाणवली. पुढच्या सीटची दांडी बारीक बारीक कापत होती, आणि खिडकीच्या काचा एकामागून एक खडखडायला लागल्या. डिझेलची गाडी जागेवर चालू ठेवली की होतं तसं. ती उठली. पळतच दाराकडं गेली. जाताना ड्रायव्हरच्या केबिनमधल्या आरशात नजर गेली. तिला बघायचं नव्हतं, पण गेली.

आरशात गाडी भरलेली होती.

चेहरे नाही दिसले तिला. सगळे खाली बघत होते. आपण जागेवर बसलेलो असलो आणि कुणी म्हातारं उभं असलं की आपण बघतो ना, नजरेला नजर न देता, मांडीकडं. तसे. आख्खी गाडी. कुणाच्या तरी मांडीवर काहीतरी पिवळं होतं.

यापुढं आरशाचं ती सांगत नाही. मी दोनदा विचारलं.

६

आई दारापाशी पोचली होती. एक पाय पायरीवर.

"धरलीस का जागा?" हसत म्हणाल्या. आवाज तरणा होता, उत्कर्षा म्हणते. लहानपणी खिडकीखालून यायचा तो.

"आई, उतर. चल. आपली गाडी बाहेर हाय."

"बाहेरच्या गाडीचं काय करायचंय? ही लागलीया की."

बघ, शब्द तोच आहे. जन्मभर आई म्हणत आली, मला येष्टी लागती. आणि आता म्हणत होती, येष्टी लागलीया, फलाटाला लागलीया, चल. उत्कर्षा दोन्ही दांड्या धरून दारात आडवी उभी राहिली.

"आई, ह्याला चाकं न्हाईत. बग खाली. चाकं न्हाईत!"

"सरक की गं. मागं लोकं हायत."

मागं कुणी नव्हतं. मोकळी शेड, ऊन, धूळ. पण आईचा पदर मागून ओढला जात होता, गर्दीत चेंगरल्यावर होतो तसा, आणि आई पुढं रेटली जात होती. उत्कर्षाच्या पोटावर कोपर टेकून आत घुसत होती. बाजारच्या गर्दीत घुसायची तशीच, हसत हसत, सवयीनं. शेडातल्या खडीवर पावलं वाजत होती. पुष्कळ.

"आई, मी पाया पडते तुझ्या. तुला एसटी लागते!"

"कवा लागत व्हती? काय बी सांगतीस."

तेव्हा उत्कर्षा घाबरली, खरी घाबरली. म्हणते, तोवर माझं डोकं कुठंतरी म्हणत होतं की ऊन लागलं असेल, काहीतरी असेल. पण आईनं एसटी लागत नाही म्हटलं आणि कळलं की ही चढली तर उतरणार नाही. आपण इथून घरी एकटेच जाणार. नंतर लोक म्हणतील, काय झालं, तर हार्ट म्हणतील, ऊन म्हणतील. पण जागा तर मीच धरली होती.

आणि बेल वाजली. एकच. टिंग.

एक बेल थांबायची. दोन झाल्या की गाडी सुटते.

७

"कोन येतंय मग?"

आवाज आता मानेमागं होता. घाई नाही, राग नाही. उलट अदबीनं विचारल्यासारखं.

उत्कर्षा मागं न वळता म्हणाली, "कुणी नाही. कुणी येत नाही. जागा मोकळी आहे. बसा तुम्ही."

"मोकळी कशी आसंल? धरलीया न्हवं."

"चुकून म्हटलं. मी चुकून म्हटलं हो."

"सांगितलं म्हंजी मानूस येतंय."

आई दुसऱ्या पायरीवर चढली. दोघींची तोंडं समोरासमोर. आईच्या कपाळावर घाम नव्हता. एवढ्या उन्हात चालत आलेली बाई, आणि कपाळ कोरडं, गार. तिनं उत्कर्षाचा हात दांडीवरून सोडवायला सुरुवात केली. एकेक बोट. प्रेमानं.

"मानूस येतंय न्हवं?" मागून परत.

"येतंय," उत्कर्षा म्हणाली. "येतंय, पण ही नाही. ही नाही. दुसरं येतंय."

सगळं थांबलं. काचा थांबल्या. आईचा हात तिच्या तिसऱ्या बोटावर तसाच.

"कोन?"

ती सांगते, मी स्वतःचं नाव घ्यायला तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगते, त्यासाठीच उघडलं. आणि तोंडातून दुसरंच नाव आलं.

मी तिला म्हटलं, अगं मग नावडत्या कुणाचं तरी घेतलं असशील ना, जमिनीवरून भांडणाऱ्या चुलत्याचं, त्या मॅनेजरचं. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, ज्याचा राग असतो त्याचं नाव आठवायला वेळ लागतो गं. चटकन येतं ते जवळच्याचं.

मागून आवाज आला, "बरं."

लगेच आई "आई गं!" म्हणून पायरीवरच बसली. गुडघा धरला. "हितं कशी आले गं मी? आगं धर मला, धर." उत्कर्षानं काखेत हात घालून तिला ओढत खाली आणलं, अंगणात आणलं. आणि लिंबाखाली पोचताच सुलाबाईंना भडभडून ओकारी आली. पोटातलं सगळं पडलं. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "डिझेलचा वास किती गं मारतोय. बंद करायला सांग की गाडी."

८

साळूबाईनं तांब्याभर पाणी आणलं. सुलाबाईंच्या डोक्यावर ओला हात फिरवला.

"आवं, चांगल्या सांगत व्हत्या की खोगिराचं. एकदम उटल्या. मला वाटलं, पोरीनं हाक मारली."

"मावशी," उत्कर्षानं विचारलं, "त्या गाडीतल्या वस्तू कोण ठेवतं?"

"ऱ्हात्यात लोकांच्या. आमी झाडताना हात लावत न्हाई, कुनाच्या का असंनात. परत न्यायला मातर कोन येत न्हाई बगा." मग उत्कर्षाच्या गळ्याकडं बघून म्हणाली, "तुमची वढनी ऱ्हायली वाटतं आत?"

"राहू दे."

"आनू का?"

"नको, मावशी."

साळूबाईनं आग्रह केला नाही. सूप उचललं आणि खुर्ची जरा पलीकडं सरकवली, शेडाकडं पाठ येईल अशी.

परतीच्या वाटेवर सुलाबाई झोपल्या. उत्कर्षानं विषय काढायची गरजच पडली नाही. घरी पोचल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, न्हे बाई मला पुण्याला, गुडघ्याचं बग. आई सुखरूप आहे. मी परवा बोलले फोनवर, मस्त हसत होत्या, मला म्हणाल्या, तू लगीन कवा करतीस.

तर आता पुढचं ऐक, ज्यासाठी तुला थांबवलं.

उत्कर्षा ते नाव सांगत नाही. कुण्णालाच नाही. पण सोमवारपासून ती फोन करत सुटलीये. सगळ्यांना. मावशीला, मामाच्या मुलीला, शाळेतल्या मैत्रिणीला, ऑफिसातल्या त्या जयराजला. सगळ्यांना करते म्हणजे नक्की कुणाची काळजी आहे ते कळत नाही, मला वाटतं म्हणूनच करते. विचारायचं एकच. कुठं आहेस? कशात बसलायस? शेजारची सीट रिकामी आहे का?

मंगळवारी मी स्वारगेटला होते तेव्हा मला आला. मी हसले, म्हटलं रिक्षात आहे बाई, शेजारी माझीच पिशवी आहे. ती ओरडली. पिशवी मांडीवर घे म्हणाली. आत्ताच्या आत्ता घे. मी घेतली.

काल रात्री जेवताना मी विचारलंच. म्हटलं, उत्कर्षा, माझं नाव घेतलंस का?

ती म्हणाली, तुझं नाही. लगेच म्हणाली गं. फार लगेच.

मी तिच्यावर चिडायला हवं होतं ना? चिडता येईना. रात्रभर पडून एकच विचार करत होते, मी असते तर. आणि एक नाव डोक्यात आलं, पटकन, विचार करायच्या आतच. ते कुणाचं ते मी तुला सांगणार नाही.

तुला आला का तिचा फोन? खरं सांग. आणि हेही सांग, राजी. आई पायरीवर उभी आहे, तुझी बोटं एकेक करून सोडवतीये, एक बेल झालीये, आणि मागून कुणीतरी अगदी अदबीनं विचारतंय, कोन येतंय मग? तू काय केलं असतंस? कुणाचं नाव आलं असतं तुझ्या तोंडात?